नाण्यांचे छायाचित्रण

नाण्याच्या दोन्ही बाजूंवरील चित्रे, लेख, कड आणि धातूचा रंग यांची मूळ नाण्याशी जुळणारी प्रतिमा छायाचित्राद्वारे मिळविण्याचे तंत्र. नाणकशास्त्रात प्रतिमा ही ग्रंथाची केवळ शोभा नसते. ती पुरावा असते. नाणी लहान, मौल्यवान आणि सहज वितळविता येण्याजोगी असतात. ती चोरीस जातात, विकली जातात, एकाच निधीतील नाणी निरनिराळ्या संग्रहांत विखुरली जातात. दोन नाणी एकाच ठशाने पाडली आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्यासाठी ती शेजारी ठेवून पहावी लागतात आणि दूरदूरच्या संग्रहांतील नाणी बहुधा प्रतिमेच्या रूपानेच एकमेकांशेजारी येऊ शकतात. म्हणून प्रतिमा कोणत्या रीतीने घेतली आणि त्या रीतीत काय गमावले, हे अभ्यासकाला माहीत असणे आवश्यक असते. या तंत्राच्या इतिहासात आकाराची खात्री प्रथम साधली गेली. रंगाची खात्री मात्र फार उशिरा आणि अपुरीच साधली.

नाण्यांची चित्रे छापण्याची प्रथा छायाचित्रणाहून तीन शतकांनी जुनी आहे. आंद्रेआ फुल्व्यो यांचा नाण्यांवरील मुखवट्यांच्या आधारे तयार केलेला सचित्र ग्रंथ रोममध्ये १५१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे काष्ठठशांनी छापलेली असून काही मुखवटे निव्वळ कल्पित आहेत. ह्यूबर्ट गोल्टसियस यांनी अँटवर्प येथे १५५७ साली रोमन सम्राटांच्या प्रतिमा दोन-तीन छटांत छापून काढल्या. त्या पाहण्यास अतिशय सुंदर आहेत. परंतु गोल्टसियस यांच्या ग्रंथांतील अनेक नाणी पुढे कोणत्याच संग्रहात आढळली नाहीत आणि व्हिएन्ना येथील योझेफ एकेल (१७३७–९८) यांच्यासारख्या चिकित्सक अभ्यासकांनी त्यांच्यावर विसंबण्याचे नाकारले. चित्रकाराच्या हातून लेखातील पुसट अक्षर पूर्ण होते, झिजलेले नाक सरळ होते. यात लबाडी असतेच असे नाही, पण पुरावा तेवढा बिघडतो. भारतीय नाणकशास्त्राचा पायाही हाताने काढलेल्या चित्रांवरच उभा आहे. बनारस व कलकत्ता येथील टांकसाळींत धातुपरीक्षक असलेले जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकासाठी नाण्यांची चित्रे पुष्कळदा स्वतः काढीत व कोरीत. ग्रीक आणि खरोष्ठी असे दुहेरी लेख असलेल्या नाण्यांचा त्यांनी केलेला उलगडा पाहता चित्र काढणाऱ्याची नजर तयार असली, तर हाताने काढलेले चित्रही किती विश्वसनीय ठरते हे दिसून येते. असा चित्रकार विरळा, हीच त्या पद्धतीची अडचण होती.

माणसाच्या नजरेवर विसंबावे लागू नये म्हणून प्रत्यक्ष नाण्यावरून प्रतिकृती घेण्याचा मार्ग पुढे आला. तेओदॉर एद्म मिओने (१७७०–१८४२) यांनी पॅरिसच्या राजकीय संग्रहातील नाण्यांच्या गंधकाच्या प्रतिकृती करून त्या अभ्यासकांना उपलब्ध करून दिल्या. त्याच संग्रहावर नोव्हेंबर १८३१ मध्ये दरोडा पडला व सोन्याची पुष्कळ नाणी वितळविली गेली. त्यांतील काहींचे रूप आता अशा प्रतिकृतींवरून व जुन्या चित्रांवरूनच कळते. आशील कोला यांच्या यंत्राने उठावावरून सुई फिरवून तिच्या हालचालींनुसार धातुपट्टावर रेषा उमटविल्या जात. या पद्धतीने सजविलेला नाणी व पदके यांचा एक मोठा फ्रेंच संग्रहग्रंथ १८३४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्या चित्रांत उठावाचा भास विलक्षण आहे. मात्र रेषा उंचीच्या प्रमाणात एका बाजूस सरकत असल्याने मुखवट्याची घडण थोडी तिरकस होते.

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जाहीर झाला, तरी त्याने नाणकशास्त्रात जम बसविण्यास सु. तीस वर्षे लागली. छायाचित्रे ग्रंथात छापण्याची टिकाऊ व स्वस्त रीत उपलब्ध नव्हती, हे त्याचे एक कारण होय. ही उणीव ऑटोटाइप व कोलोटाइप या मुद्रणपद्धतींनी भरून काढली आणि ब्रिटिश म्यूझीयमच्या नाणेसूचींना छायाचित्रांचे पट्ट जोडले जाऊ लागले. दुसरे कारण धातूच्या स्वभावात होते. कागद किंवा दगड यांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो; धातूवर पडलेला प्रकाश मुख्यतः आरशाप्रमाणे एकाच दिशेने परततो. त्यामुळे चकचकीत नाण्यावर काही भाग पांढरेफटक, तर लगतचे भाग काळेकुट्ट दिसतात आणि अक्षरे या दोहोंत हरवतात. भरीस भर म्हणजे त्या काळचे प्रकाशसंवेदी पायस केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशास प्रतिसाद देई. सोने व तांबे निळा प्रकाश बराचसा शोषून घेतात. परिणामी सोन्याचे नाणे काळवंडलेले आणि चांदीचे नाणे उजळ येई. हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली पायसात रंजकद्रव्ये मिसळून त्याची संवेदनशीलता हिरव्या रंगाकडे वाढविली. सर्व दृश्य रंगांस संवेदनशील असलेल्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या.

या सर्व अडचणींवर अभ्यासकांनी शोधलेला उपाय म्हणजे खुद्द नाण्याचे चित्र न घेता त्याच्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या प्रतिकृतीचे चित्र घेणे हा होय. प्लॅस्टर पांढरे व मंद असते. त्यावरचा उठाव सौम्य छायेने नीट उमटतो. सोने, चांदी, तांबे आणि शिसे यांची नाणी एकाच पट्टावर एकाच पातळीवर तपासता येतात. स्वित्झर्लंडमधील व्हिंटरथूर येथील फ्रीड्रिख इमहोफ-ब्लूमर (१८३८–१९२०) यांनी ठिकठिकाणच्या संग्रहांतील नाण्यांच्या अशा प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर जमविल्या. अकार्नेनियाच्या नाण्यांवरील त्यांच्या १८७८ च्या अभ्यासात ठशांच्या तुलनेचा उपयोग केलेला आढळतो. ठशातील एखादी तडा, लेखातील अक्षराची किंचित हललेली जागा यांवरून नाण्यांचा क्रम लावण्याची ही पद्धत अशा प्रतिमांवाचून रुजली नसती. ब्रिटिश अकॅडमीने १९३१ पासून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केलेल्या ग्रीक नाण्यांच्या संकलनमालेतही प्लॅस्टरवरून घेतलेली छायाचित्रे समोरासमोर वर्णनांसह दिली गेली. या रीतीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागली. साचा घेताना माती किंवा मेण नाण्यावर दाबावे लागे, त्याचे कण अक्षरांच्या खाचांत राहत. आणि रंग तर पूर्णपणे नाहीसा होई. नाण्यावरील पुट मूळचे की मागाहून चढविलेले, चांदी अस्सल की तांब्यावर दिलेला मुलामा, हे प्लॅस्टर सांगू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांनी प्राचीन नाणी पांढऱ्या रंगातच पाहिली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रकाशाच्या दिशेवर ऐतिहासिक निष्कर्ष कसा अवलंबून असतो, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातील आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या सु. १३,२५० नाण्यांचा निधी सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची असून त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली मुद्रा पुन्हा उमटविली आहे. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस राजाचा मुखवटा व बिघडलेला ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूस बाण, वज्र व ब्राह्मी-खरोष्ठी लेख असतात. त्यांवर सातकर्णीने तीन कमानींचा डोंगर व त्याभोवती आपला ब्राह्मी लेख, तसेच उज्जैन-चिन्ह ठोकले. जेमतेम दीड सेंमी. व्यासाच्या चकतीवर दोन राजांची चिन्हे अशी एकावर एक बसली आहेत. वरची मुद्रा ठसठशीत असते व कोणत्याही प्रकाशात दिसते. खालचा मुखवटा मात्र दबलेला, कित्येकदा केवळ केसांच्या चार रेषा किंवा कानाची कड एवढाच उरलेला असतो. अगदी तिरप्या प्रकाशात, तोही योग्य दिशेने आल्यासच, तो उमटतो. प्रकाश खालच्या रेषांना समांतर पडला, तर छायाचित्रात नहपान अदृश्य होतो आणि सातवाहनांच्या विजयाची साक्ष देणारे नाणे सातकर्णीचे साधे नाणे म्हणून नोंदले जाण्याचा धोका राहतो. निधीचा अभ्यास करणारे एच. आर. स्कॉट यांना पुनर्मुद्रित नसलेल्या नाण्यांवरील मुखवटे वयाने व चेहरेपट्टीने एकमेकांहून इतके भिन्न आढळले की, ते एकाच व्यक्तीचे असावेत काय, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. असा प्रश्न हाताने काढलेल्या चित्रांवरून चर्चिताच आला नसता. कारण भिन्नता नाण्याची की चित्रकाराची, हे सांगता येत नाही. आंध्र व पश्चिम क्षत्रप यांच्या नाण्यांची ई. जे. रॅप्सन यांनी केलेली ब्रिटिश म्यूझीयमची सूची १९०८ साली छायाचित्रांच्या पट्टांसह प्रसिद्ध झाली व दख्खनच्या नाण्यांचा अभ्यास तिच्यामुळे सुकर झाला. भारतातील सापडलेल्या निधींना १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. असे निधी पुढे वाटले जाण्याची शक्यता असल्यामुळे संपूर्ण निधी एकत्र राहण्याचे ठिकाण पुष्कळदा छायाचित्रे व नोंदी हेच ठरते. नाशिकजवळील अंजनेरी येथे परमेश्वरीलाल गुप्त यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या नाणकशास्त्रीय संशोधन संस्थेने छायाचित्रांचा संग्रह करण्यावर भर दिला, तो याच गरजेपोटी.

प्रकाशयोजनेचा पहिला संकेत असा की, मुख्य प्रकाश चित्राच्या वरच्या किंवा वरच्या डाव्या बाजूने यावा. प्रकाश वरून येतो असे मेंदू गृहीत धरतो. तो खालून आल्यास उठाव खोलगट व खोलगट भाग उठावदार भासतो. या दृष्टिभ्रमाची मीमांसा डेव्हिड रिटनहाउस यांनी १७८६ साली केली. पुढे हेच गृहस्थ अमेरिकेच्या टांकसाळीचे पहिले संचालक झाले, हा एक मौजेचा योगायोग होय. झिजलेल्या नाण्यास एकच तिरपा दिवा व समोरच्या बाजूस छाया सौम्य करणारा पांढरा कागद एवढे पुरते. आरशासारख्या नव्या नाण्यास ही योजना चालत नाही. त्यासाठी भिंग व नाणे यांच्यामध्ये ४५° कोनात साधी काच बसवितात आणि बाजूने सोडलेला प्रकाश तिच्यावरून परावर्तित होऊन नाण्यावर सरळ खाली पडतो. अशा वेळी सपाट भाग उजळ व अक्षरांच्या कडा गडद दिसतात. शिसे व पोटीन यांच्या सातवाहन नाण्यांचा पृष्ठभाग मुळातच काळपट व मंद असतो. त्यांना तिरपा प्रकाश अधिक लागतो. छायाचित्र उठावदार यावे म्हणून नाणे घासणे हा मात्र अक्षम्य प्रमाद होय, कारण त्यात पुटाबरोबर पुरावाही जातो.

रंगीत छायाचित्रण ल्यूम्येअर बंधूंच्या काचांनी १९०७ साली व्यवहारात आले आणि १९३५ च्या कोडाक्रोम फिल्मनंतर सर्वत्र पसरले. फिल्म विशिष्ट प्रकाशासाठीच जुळविलेली असे : दिवसाच्या प्रकाशासाठी सु. ५,५००° के. व विजेच्या दिव्यांसाठी सु. ३,२००° के. वर्णतापमानाची. चुकीच्या दिव्याखाली चांदी पिवळी व सोने तांबूस येई. चोवीस चौकोनांचा प्रमाणित रंगपट १९७६ साली उपलब्ध झाला. पुढे अंकीय कॅमेऱ्यांमुळे पांढऱ्या किंवा करड्या पृष्ठाच्या आधारे रंग नंतरही सुधारता येऊ लागला. यामुळे प्रश्न सुटला, असा समज पसरला आहे; तो पूर्णतः बरोबर नाही. रंगपट मंद रंगांचा असतो व केवळ दिव्याचा दोष सांगतो. धातूचा रंग तर परावर्तनातच असतो : नाण्यासमोर जे असेल, तेच ते आपल्या रंगात बुडवून परत पाठविते. पांढऱ्या कापडाच्या तंबूत सोन्याचे नाणे फिकट व दुधाळ दिसते. अंधाऱ्या खोलीत एका लहान दिव्याखाली तेच गडद दिसते. दोन्ही चित्रांत रंगपट मात्र अचूक येतो.

हा प्रश्न संग्राहकांच्या व्यवहारात अधिक तीव्र होतो. चांदीवर गंधकयुक्त हवेने चढणारा रौप्य सल्फाइडाचा पातळ थर प्रकाशतरंगांच्या व्यतिकरणामुळे निळा, जांभळा, सोनेरी अशा झाका दाखवितो आणि कोन बदलताच झाक बदलते. अमेरिकेत १९८६ पासून नाणी तपासून सीलबंद प्लॅस्टिक पेटीत देण्याची पद्धत रूढ झाल्यानंतर अशा झाकांना मोठा भाव येऊ लागला. एका कोनातून घेतलेले भडक चित्र खोटे नसते. पण खरेदीदाराच्या हातात पडणारे नाणे बहुतेक कोनांतून तसे दिसत नाही. प्रामाणिक छायाचित्रकार अशा नाण्याची निदान दोन चित्रे देतो : एक झाक दाखविणारे व दुसरे साध्या तिरप्या प्रकाशातील.

एकाच प्रकाशयोजनेची सक्ती अंशतः दूर करणारे तंत्र टॉम मॅल्झबेंडर व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली मांडले. कॅमेरा व नाणे स्थिर ठेवून दिवा निरनिराळ्या दिशांनी लावून अनेक चित्रे घेतात आणि संगणक त्यांवरून प्रत्येक बिंदूची प्रकाशास मिळणारी प्रतिक्रिया काढतो. मग पाहणारा पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवू शकतो. जोगळटेंभीसारख्या पुनर्मुद्रित नाण्यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे. खालच्या मुखवट्याला अनुकूल दिशा छायाचित्रकाराला आधी ओळखावी लागत नाही. तीव्र चकाकी असलेल्या धातूचे वर्तन या गणितात नीट बसत नसल्याने नव्या, आरशासारख्या नाण्यांना मात्र काचेची जुनीच योजना वापरावी लागते.