ख्रिस्ती मिशनकार्यातील भागीदारी आणि पैशाचा प्रश्न : अहमदनगर ते लुसाका

श्रीमंत देशांतील मिशन-मंडळे आणि निर्धन देशांतील ख्रिस्ती मंडळ्या यांच्या परस्परसंबंधास विसाव्या शतकात ‘भागीदारी’ ही संज्ञा रूढ झाली. संज्ञा नवी असली तरी तिच्यामागील पेच जुना आहे. द्रव्य एका बाजूचे आणि कार्यक्षेत्र दुसऱ्या बाजूचे असेल, तर निर्णयाचा अधिकार कोणाचा?

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्यांचे ठाणे स्थापन झाले. बोर्डाचे बोस्टनस्थित सचिव रूफस अँडरसन यांनी, लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री वेन यांच्याप्रमाणेच, स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही मंडळीची तीन लक्षणे मांडली. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. त्यानंतर इंग्रजी शिक्षणाऐवजी देशी भाषांवर आणि एतद्देशीय पाळकांवर भर देण्यात आला. धोरण दूरदृष्टीचे होते यात शंका नाही. मात्र मंडळीने स्वतंत्र व्हावे, हा आग्रहसुद्धा बोस्टनहूनच आला होता. शिवाय अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती हे महार व मांग समाजांतून आलेले, भूमिहीन किंवा अल्पभूधारक. अवर्षणाच्या प्रदेशात पाळकाचे वेतन त्यांनी कोठून द्यावयाचे?

१९१० च्या एडिंबरो परिषदेत सुमारे १२०० प्रतिनिधी होते. त्यांत आशियाई वीसदेखील नव्हते. त्या सभेत व्ही. एस. अझरया यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाचा आदराने उल्लेख केला आणि त्यापुढे जाऊन मैत्री मागितली. वेतन देणारा आणि घेणारा यांच्यात मैत्री दुर्मीळ का, हेच त्यांचे दुखणे होते. काही श्रोत्यांना ते भाषण रुचले नाही. १९१२ मध्ये अझरया दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप होत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हा पेच वेगळ्या मार्गाने सोडवू पाहिला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सवेतन सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घेण्याची त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि प्रयोग अल्पजीवी ठरला. तथापि वेतन सोडल्यावाचून असा प्रयोग त्यांना करता आला असता, असे म्हणणे कठीण आहे.

टिळकांनी व्यक्तिशः जे केले, ते केनियाच्या जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये संपूर्ण मंडळीसाठी सुचविले. पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे महासचिव असलेल्या गाटूंनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे, यजमानांच्याच व्यासपीठावरून, परदेशी मिशनरी आणि निधी काही वर्षांसाठी थांबवावेत अशी मागणी केली. मदत बंद झाल्यास संस्था कोसळतील, हा आक्षेप निराधार नव्हता. परंतु संस्था इतक्या खर्चिक स्वरूपात उभारण्याचे ठरविले कोणी, हा प्रश्न आक्षेपकांनी सहसा विचारला नाही. गाटूंच्या चर्चने पुढे ‘जितेगेमेआ’, म्हणजे स्वावलंबन, हे स्वाहिली ब्रीद स्वीकारून स्थानिक वर्गणीवर भर दिला.

१९७४ मध्ये लुसाका येथे अखिल आफ्रिका चर्च परिषदेने या स्थगितीचा पुरस्कार केला. त्याच वर्षीच्या लोझान कराराने, सुवार्ता ज्या देशात पोहोचली आहे तेथे परदेशी मिशनरी आणि पैसा कमी करणे ‘कधी कधी’ आवश्यक ठरू शकते, एवढे मान्य केले. ती वेळ कोणी ठरवावयाची, याविषयी करार मौन बाळगतो.