पाळीव प्राण्यांचा परदेशप्रवास (गोंदिया जिल्हा)

पाळीव प्राण्याला एका देशातून दुसऱ्या देशात नेताना निघण्याच्या, वाटेतल्या आणि पोहोचण्याच्या देशाचे पशुआरोग्यविषयक नियम एकाच वेळी पाळावे लागतात. गोंदिया जिल्ह्यातून नोकरी, शिक्षण किंवा विवाहानिमित्त परदेशी जाणाऱ्या कुटुंबाला कुत्रा किंवा मांजर सोबत न्यायचे असेल, तर या कामाची सुरुवात गावाजवळच्या पशुवैद्यकाकडे होते. अखेरचा सरकारी शिक्का मात्र जिल्ह्याबाहेर, मोठ्या महानगरातच मिळतो. दोन्हींमध्ये काही महिने जातात. विमानाचे तिकीट काढल्यावर जागे होणाऱ्या कुटुंबाचा प्राणी बहुधा मागे राहतो, आणि हे दुःख नियम आधी माहीत असते तर टाळता आले असते.

या नियमांच्या मुळाशी रेबीज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. जपानने १९५७ नंतर देशात हा रोग पुन्हा रुजू दिलेला नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही कुत्र्यांच्या रेबीजपासून मुक्त आहेत. ब्रिटनमध्ये २००० सालापर्यंत बाहेरून आलेल्या कुत्र्या-मांजरांना सहा महिने क्वारंटाइनमध्ये राहावे लागे. भारतातून येणाऱ्या प्राण्याकडे हे देश संशयाने पाहतात ते एवढ्यासाठीच. घरातला कुत्रा कितीही निरोगी दिसला तरी रेबीजचा विषाणू शरीरात महिनोन्‌महिने लक्षणांविना राहू शकतो, म्हणून नुसती तपासणी पुरेशी मानली जात नाही.

पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली टोचतात; आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तिच्यावर १५ अंकी क्रमांक असतो. चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम सर्वांत महत्त्वाचा. लस आधी टोचली असेल तर ती नेमकी याच प्राण्याला दिली याचा पुरावा उरत नाही, आणि अनेक देश अशी लस हिशेबात धरत नाहीत. मग चिपनंतर पुन्हा लस देऊन दिवस नव्याने मोजावे लागतात. चिप आणि ती वाचणारे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात नसल्यास मोठ्या शहराकडे जावे लागते. गोंदिया शहरापासून रेल्वेने पश्चिमेला नागपूरचे आणि पूर्वेला छत्तीसगडमधील दुर्गजवळच्या अंजोऱ्याचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळपास सारख्याच, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर अंतरावर आहे. अर्जुनी मोरगावच्या कुटुंबाला रेल्वेने जायचे असल्यास त्याआधी गोंदियापर्यंतचा प्रवासही धरावा लागतो.

लसीनंतर रक्ताची प्रतिपिंड चाचणी होते. लस अंगी लागली का, हे ती सांगते: रक्तद्रवात प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिपिंडे हवीत. ज्या देशात जायचे त्या देशाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल चालतो. नमुना पशुवैद्यकाने काढून, चिपचा क्रमांक नोंदवून, थंड ठेवून पाठवायचा असतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात ही काळजी विशेष महत्त्वाची.

यापुढे देशागणिक वाटा फुटतात. युरोपीय संघासाठी १२ आठवड्यांहून लहान पिल्लाची लस ग्राह्य नाही. भारत संघाच्या सवलतीच्या यादीत नसल्याने लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचे आणि त्यानंतर तीन महिने थांबायचे. म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला जर्मनीला न्यायचे ठरले तर सारे वेळेवर होऊनही ते जवळजवळ सात महिन्यांचे होते. ब्रिटनचे वेळापत्रक असेच आहे. शिवाय कुत्र्याला पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीवरचे औषध पशुवैद्यकाकडून द्यावे लागते. जपानला दोन लसी आणि रक्त काढल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा लागते. आगमनाची सूचना किमान ४० दिवस आधी द्यायची असते. ही प्रतीक्षा भारतात पूर्ण केली नाही तर ती जपानमधल्या क्वारंटाइनमध्ये काढावी लागते, आणि घरात वाढलेल्या कुत्र्यासाठी तो फार मोठा वियोग आहे. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट प्राणी घेतच नाही. आधी एखाद्या मान्यताप्राप्त देशात नेऊन तिथल्या अटी पूर्ण करायच्या, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात किमान दहा दिवस ठेवायचे, असा तो लांबचा आणि खर्चिक मार्ग आहे.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा, चिप असावी आणि आयातीचा अर्ज आगाऊ भरलेला असावा. भारत रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांत मोडतो. त्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखला सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला लागतो, नेमलेल्या विमानतळांपैकीच एकावर उतरावे लागते आणि तिथल्या नोंदणीकृत प्राणी केंद्रात जागा राखून ठेवावी लागते. प्रतिपिंड चाचणीचा वैध अहवाल नसल्यास २८ दिवसांचे क्वारंटाइन होते. मांजरांना हे नियम लागू नाहीत.

भारतातून निघताना केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन व प्रमाणन सेवेचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. स्थानिक पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, लसीकरणाची पुस्तिका, चाचणीचा अहवाल, पारपत्र आणि तिकीट पाहून, प्राण्याची प्रत्यक्ष तपासणी करून ते दिले जाते. या सेवेची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बेंगळुरू येथे आहेत. नागपूरच्या किंवा गोंदियाजवळच्या बिर्सीच्या विमानतळावर हे काम होत नाही. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदिया जवळजवळ मध्यावर असल्याने मुंबई आणि कोलकाता दोन्ही सुमारे हजार किलोमीटर दूर पडतात. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच मुंबईला सुटते. रेल्वेत कुत्रा मालकासोबत फक्त वातानुकूलित प्रथम वर्गात, पूर्ण कूपे किंवा केबिन राखून नेता येतो. नाहीतर गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यात ठेवावा लागतो. प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे देशांतर्गत प्रवासालाही पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा.

विमानातील पिंजरा प्राण्याला उभे राहता, वळता आणि आडवे होता येईल एवढा मोठा असावा लागतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्णतेत श्वास घेणे जड जाते, म्हणून अनेक विमान कंपन्या त्या घेत नाहीत. पिंजऱ्याची सवय आधी काही आठवडे घरीच लावणे हे कोणत्याही नियमात नसले तरी प्राण्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी दया आहे. गुंगीचे औषध पशुवैद्यक सहसा टाळायला सांगतात.

परतीचा मार्ग पशुधन आयात अधिनियम, १८९८ आणि परकीय व्यापार महासंचालनालयाच्या नियमांनी बांधला आहे. किमान दोन वर्षे परदेशी राहून वास्तव्य बदलणाऱ्या प्रवाशाला सामानासोबत दोन पाळीव प्राणी आणता येतात; एरवी महासंचालनालयाचा परवाना लागतो. उतरण्याआधी क्वारंटाइन सेवेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे आणि उतरणेही ठरलेल्या विमानतळांवरच. विक्रीसाठी किंवा पैदाशीसाठी कुत्री आणण्यावर २५ एप्रिल २०१६ च्या अधिसूचनेने बंदी घातली.

पक्षी आणि वन्य प्राण्यांची गोष्ट वेगळी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरासह गावोगावी पिंजऱ्यात दिसणारा देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पाळणेच गुन्हा असल्याने परदेशी नेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तारा कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ मध्ये वन्य जीवांच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालून बंद करण्यात आला. मकाऊ, काकाकुवा यांसारख्या परदेशी पक्ष्यांना याच करारानुसार निर्यातीचा परवाना लागतो, पहिल्या परिशिष्टातील जातींना आयातीचाही लागतो, आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर करारातील अशा प्राण्यांची नोंदणी करणे मालकावर बंधनकारक आहे.