उभ्या गाडीचं पाणी : जुन्या डिझेल मोटरहोमचा रेडिएटर आणि त्याच्या गळतीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, रेडिएटर गळतो यात इतिहास कसला? गळला तर मिस्त्रीकडे न्यावा. प्रश्न रास्त आहे. पण आमचं म्हणणं असं, की गळती नेमकी कुठून होते यावरून तो रेडिएटर कोणत्या काळात, कोणत्या अडचणीवर तोड म्हणून तसा घडवला गेला हे वाचता येतं. आणि ते वाचता आलं, तर गळती शोधायचं निम्मं काम तिथेच होतं.

आपण उदाहरण घेणार आहोत अमेरिकेतल्या जुन्या डिझेल मोटरहोमचं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर : पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं बसच्या आकाराच्या एकाच गाडीत. 1980 आणि 90च्या दशकांत तिथे 'डिझेल पुशर' नावाचा प्रकार चांगलाच रुजला. यात इंजिन मागे असतं, गाडीला मागून ढकलतं, म्हणून पुशर. कमिन्सचं 5.9 लिटरचं 'बी' किंवा 8.3 लिटरचं 'सी' इंजिन, नाहीतर कॅटरपिलरचं, म्हणजे मूळची ट्रकची इंजिनं. या गाड्या घेणारे बहुतेक निवृत्त लोक. घर विकून हीच गाडी घर करणारेही त्यांत पुष्कळ. थंडीत ॲरिझोना-फ्लोरिडाला जायचं, उन्हाळ्यात उत्तरेकडे परतायचं. आज त्या गाड्या पंचवीस वर्षांहून जुन्या झाल्यात, मालक त्याहून थकलेले. अशा गाडीचं पाणी घाटात संपलं की नुसतं वाहन बंद पडत नाही. घर, फ्रिजमधली औषधं, कुत्रं, सगळं रस्त्याच्या कडेला येतं. आणि तापलेल्या इंजिनाचं हेड वाकलं किंवा तडकलं, तर दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतो.

आता जरा मागे जाऊ. 1886 सालच्या कार्ल बेंझच्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि पुन्हा भरायचं. 1888मध्ये बर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, तेव्हा वाटेत जागोजागी पाणी भरावं लागलं होतं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि पाण्याची पहिली रडकथा एकाच दिवशीची आहे बघा.

यावर खरा तोडगा काढला विल्हेल्म मायबाख यांनी. 1900च्या अखेरीस तयार झालेल्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. 6 मिलिमीटर बाजूच्या चौकोनी अशा 8,070 नळ्या एकत्र जोडलेल्या. नळ्यांतून वारा जायचा, भोवतालच्या फटींतून पाणी. थोड्या जागेत हवेला लागणारा पृष्ठभाग प्रचंड वाढला, त्यामुळे कमी पाण्यात भागू लागलं. पण या हिशेबाची दुसरी बाजू बघा. 8,070 नळ्या, म्हणजे दोन्ही टोकांना मिळून सोळा हजारांवर टोकं, आणि प्रत्येक टोक डाख देऊन बंद केलेलं. थंडावा वाढला तो सांधे वाढवून. पुढचा सगळा गळतीचा इतिहास या व्यवहारातून निघतो.

पुढे रचना बदलली, पाणी नळ्यांच्या आत गेलं आणि बाहेर पत्र्याच्या पातळ पाकळ्या आल्या. पण तांबं, पितळ आणि शिसं-कथलाचा डाख हे त्रिकूट सत्तर-ऐंशी वर्षं टिकलं. याचा मोठा गुण म्हणजे दुरुस्ती. गळका सांधा तापवा, साफ करा, पुन्हा झाळा. आपल्याकडच्या हायवेंवर ट्रकवाल्यांसाठी रेडिएटरची दुकानं असतात, पाण्याच्या हौदात रेडिएटर बुडवून, हवा भरून बुडबुडे बघणारे कारागीर असतात. अमेरिकेत गावोगावी अगदी तसाच धंदा होता. त्याची किंमत कारागिरांनी मोजली. डाख वितळवताना शिशाचा धूर होतो, घासताना धूळ होते. तिथल्या रेडिएटर दुरुस्ती करणाऱ्यांच्या रक्तात शिसं धोकादायक प्रमाणात सापडत होतं, आणि कपड्यांवरून ती धूळ घरी मुलांपर्यंत जात होती, हे तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणांनी नोंदवलेलं आहे. जुना रेडिएटर घरच्या गॅरेजमध्ये झाळायला बसणाऱ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

दुसरा बदल पाण्यातच झाला. नुसतं पाणी थंडीत गोठतं, फुगतं आणि नळ्या फोडतं. सुरुवातीला लोक त्यात अल्कोहोल मिसळत, पण ते तापलं की उडून जाई. 1927 पासून प्रेस्टोन या नावाने इथिलिन ग्लायकॉल विकलं जाऊ लागलं आणि चित्र पालटलं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उणे 37 अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. त्यानंतर आलं दाबाचं झाकण. पाण्यावर दाब ठेवला की ते उशिरा उकळतं. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढवला, की उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. 15 पौंडांचं झाकण आणि निम्मं-निम्मं मिश्रण असलं, तर ते 125 अंशांच्याही पुढे जाईपर्यंत उकळत नाही. फायदा मोठा, पण आता प्रत्येक सांध्यावर आतून सतत रेटा आला. बिनदाबाच्या जमान्यात जो सांधा दीर्घकाळ निभावला असता, तो आता लवकर पाझरू लागला. आणि म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण उघडू नका असं मिस्त्री ओरडून सांगतात. दाब सुटला की आतलं कूलंट त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

तिसरा बदल धातूचा. 1970च्या दशकात युरोपात आणि पुढच्या दशकात अमेरिकेत ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. हलक्या, स्वस्त. टाकी गाभ्याला झाळायची नाही. मध्ये रबरी पट्टी ठेवून धातूच्या कडा दुमडून आवळायची. अवजड डिझेलवाल्यांनी तांबं-पितळ जास्त काळ धरून ठेवलं, म्हणून जुन्या मोटरहोममध्ये दोन्ही प्रकार भेटतात. तांब्या-पितळेचा असेल तर आधी डाखाचे सांधे तपासा. तिथे पांढरी-हिरवट बुरशीसारखी वाढ दिसली तर ती डाखाच्या गंजाची. ॲल्युमिनियमचा असेल तर टाकी जिथे दुमडून बसवलीय ती कड बघा. रबरी पट्टी वाळून कडक होते आणि गळती तिथून सुरू होते.

इथवरचा इतिहास कुठल्याही गाडीचा. डिझेल पुशरची स्वतःची एक खोड आहे, आणि आमच्या मते जुन्या पुशरचे निम्मे रेडिएटर तिनेच मारले.

साध्या गाडीचा रेडिएटर पुढे असतो, समोरची स्वच्छ हवा खातो. स्वस्तातल्या पुशरमध्ये तो अगदी मागे, इंजिनाच्या पाठीशी. (महागड्या गाड्यांमध्ये तो बाजूला बसवत आणि त्याचा पंखा हायड्रॉलिक तेलावर फिरवत.) मागच्या रेडिएटरचा पंखा गाडीच्या पोटाखालची हवा ओढतो आणि मागे ढकलतो. त्या हवेत मागच्या चाकांनी उडवलेली सगळी धूळ. त्यात भर ब्रीदर पाइपची. त्या काळच्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या कडांमधून निसटलेला वायू तेलाचा बारीक तुषार घेऊन या नळीतून खाली उघड्यावर सुटायचा. अमेरिकी मालक तिला 'स्लॉबर ट्यूब' म्हणतात, म्हणजे लाळ गाळणारी नळी. नाव बरोबर पडलंय! ही नळी बऱ्याच गाड्यांत पंख्याच्या पुढ्यातच संपते. तेलाचा तुषार पंख्यात, पंख्यातून पाकळ्यांवर, त्यावर धूळ, की झाला गिलावा.

आणि हा गिलावा दिसत नाही. बऱ्याच पुशरमध्ये पंख्याच्या बाजूला इंटरकूलर आणि त्याच्या मागे रेडिएटर. मालक मागचं दार उघडून बघतो, त्याला रेडिएटरची मागची बाजू दिसते, एकदम स्वच्छ. कचरा असतो पलीकडे, इंटरकूलरच्या इंजिनाकडच्या तोंडावर. तिथे हात जात नाही. सपाटीवर इंजिन ठीक चालतं, चढावर काटा वर सरकतो. मालक थर्मोस्टॅट बदलतो, वॉटर पंप बदलतो. दरम्यान जास्त ताप, जास्त दाब, जास्त प्रसरण हे सगळं सांधे सोसत असतात, आणि तेल-धुळीचा थर ओल धरून पाकळ्या कुरतडत असतो. एक दिवस गळती. लोक म्हणतात, रेडिएटर गळल्यामुळे इंजिन तापलं. आम्ही म्हणू, अनेकदा क्रम उलटा असतो.

म्हणून पहिलं काम : आरसा आणि बॅटरी घेऊन इंजिनाच्या बाजूने बघा. थर असेल तर ॲल्युमिनियमला चालेल असं तेल काढणारं द्रावण मुरू द्या आणि पाण्याने धुवा. पाणी भरपूर, पण जोर कमी; प्रेशर वॉशरने पाकळ्या आडव्या होतात आणि कायमचा अडथळा तयार होतो. शक्यतो मागून पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने. ब्रीदरची नळी लांबवून पंख्याच्या ओढीबाहेर न्या; मात्र वाटेत खोलगट बाक ठेवू नका, तिथे पाणी साचून थंडीत गोठतं.

आता गळती शोधणं. मोठी गळती आपोआप दिसते. छळते ती बारीक. गरम इंजिनावर थेंब पडायच्या आत सुकतो, जमिनीवर काहीच नाही, तरी महिन्याला लिटरभर कमी. असा थेंब मागे खूण ठेवतो : पांढरट, हिरवट किंवा नारिंगी वाळलेला ओघळ. तो वर कुठे सुरू होतो ते शोधा, खाली कुठे संपतो ते नव्हे. मग इंजिन पूर्ण थंड असताना हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत भरा, त्याहून पुढे नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. काटा उतरला, तर कुठेतरी वाट आहे. झाकणही तपासा, स्प्रिंग मेलेलं झाकण अनेक निरपराध रेडिएटरांवर आळ आणतं. काही गळत्या फक्त थंडीत होतात, कारण रबर आणि क्लिप आकसतात; त्यासाठी पहाटे बघावं लागतं. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून ओघळ असेल, तर पंपाचं सील गेलं.

मोटरहोममध्ये आणखी एक जागा लोक विसरतात. इंजिन मागे आणि चालकाचा हीटर पुढे, म्हणजे कूलंटच्या नळ्या गाडीच्या लांबीभर दहा-अकरा मीटर जातात, परत येतात. काही गाड्यांत आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या टाकीलाही वळसा घालतात. जिथे त्या लोखंडी कडेला घासतात तिथे फाटतात. पुढची काच आतून चिकट धुकटली आणि गोडसर वास आला तर रेडिएटर सोडा, हीटर बघा. आणि बाहेर काहीच मिळालं नाही, टाकीत सारखे बुडबुडे येत असले, तर संशय हेड गॅस्केटवर जातो. ते काम मिस्त्रीचं.

गळती बंद करणारी डब्यातली औषधं? त्यांच्या बाजूने एक भारी पुरावा आहे. 1958 साली ध्रुवाखालून जायला निघालेल्या 'नॉटिलस' या अणुपाणबुडीच्या कंडेन्सरमध्ये बारीक गळती होती, ती सापडेना. शेवटी खलाशांनी सिएटलमध्ये मोटारीच्या रेडिएटरचं गळतीरोधक विकत घेतलं, ओतलं, आणि गळती थांबली. किस्सा खरा आहे, पण यावरून स्वतःच्या गाडीत ओतू नका. जे द्रव्य बारीक चीर बुजवतं ते हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं. रस्त्यात अडकलात आणि गाव लांब असलं, तर गोष्ट वेगळी.

राहिलं प्रतिबंधाचं. या गाड्यांचा मोठा शत्रू म्हणजे उभं राहणं. वर्षातले आठ महिने गाडी उभी, कूलंट जुनं, त्यातली गंजरोधकं संपलेली. पातळी थोडी खाली गेली की वरच्या नळ्या हवेला उघड्या पडतात आणि पाण्याच्या रेषेवर गंज धरतो. वॉटर पंपाचं सील एकाच जागी बसून वाळतं. पुष्कळ मालक दर महिन्याला इंजिन दहा मिनिटं जागेवर चालवतात आणि समाधान मानतात. दहा मिनिटांत डिझेल इंजिनाचा थर्मोस्टॅट नीट उघडतही नाही. रेडिएटरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. त्यापेक्षा पाऊण-एक तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर चालूच करू नका.

कूलंट रंगावरून ओळखू नका. हिरवं, नारिंगी, लाल हे कंपन्यांचे रंग आहेत, त्यांना एक असं प्रमाण नाही. डब्यावरचं प्रमाणपत्र इंजिनाच्या पुस्तकाशी ताडा. 1990च्या दशकात सेंद्रिय आम्लांची दीर्घायुषी कूलंटं आली आणि लोकांनी ती जुन्यात बेधडक मिसळली; गंजरोधकं निकामी झाली, कुठे तपकिरी गाळ साचला. मिश्रणाला डिस्टिल्ड पाणी वापरा. कॅम्पग्राउंडच्या नळाचं जड पाणी आत क्षार बसवतं. कमिन्स 'सी'सारख्या, पाण्यात बसलेले लायनर असणाऱ्या इंजिनांत तर ॲडिटिव्हचं प्रमाण चाचणीपट्टीने तपासावंच लागतं. लायनर थरथरतात, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला आरपार भोक पाडू शकतात. ती गळती मग रेडिएटरमधून नव्हे, थेट इंजिनाच्या तेलात. घराच्या बॅटऱ्यांचं अर्थिंग बिघडलं तरी भरकटलेला विद्युतप्रवाह रेडिएटर खातो. मल्टिमीटरचं एक टोक कूलंटमध्ये, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला धरून 0.3 व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंगच्या तारा तपासा.

एक गोष्ट राहिली. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी आहे; थोडंसं चाटूनही कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी किरकोळ विक्रीच्या मालात कडू द्रव्य घालायचं ठरवलं, पण जुन्या गाडीत वर्षानुवर्षं पडून असलेलं कूलंट त्याआधीचं असू शकतं. म्हणून रात्री गाडी उभी करताना इंजिनाखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवा, आणि सकाळी कुत्र्याला बाहेर सोडायच्या आधी तो ओढून बघा.