बोटांच्या घराची कुळकथा

टायपिंग इन्स्टिट्यूटमधला पहिला धडा ठरलेला: डाव्या हाताने ए-एस-डी-एफ-जी-एफ, उजव्याने सेमिकोलन-एल-के-जे-एच-जे. एफ आणि जेवरचे उंचवटे चाचपायचे, तर्जन्या तिथे टेकवायच्या, मान वर. या ओळीला ‘होम रो’ म्हणतात, आणि हाताची सोय पाहून कोणीतरी ती आखली असणार असा सर्वसाधारण समज आहे. ती डीपासून मोठ्याने वाचून पाहा: डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मधले ई आणि आय हे दोन स्वर तेवढे वरच्या ओळीत गेलेत. टाइपरायटर घडवणाऱ्या शोल्सच्या १८७८ च्या पेटंटात तर एलला लागून एमही होता. बोटांचं हे घर म्हणजे एबीसीडीच्या मूळ मांडणीचा मोडायचा राहिलेला तुकडा आहे.

यावर पाठ असलेला आक्षेप असा की अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून जोडीने येणारी अक्षरं लांब लांब टाकली. मग ई आणि आर शेजारी कसे? इंग्रजीत ही जोडी पदोपदी येते. क्योतोचे संशोधक कोइची आणि मोतोको यासुओका यांचं म्हणणं जास्त वजनदार आहे. सुरुवातीची यंत्रं मोर्स ऐकून लिहिणाऱ्या तारवाल्यांच्या हातात होती. अमेरिकी मोर्समध्ये झेड आणि ‘एस-ई’ यांची गल्लत होई, म्हणून एस हा झेड आणि ई या दोघांजवळ आला. मान्य. पण त्याने एसची जागा उलगडते, एफ ते एल या निवांत बसलेल्या रांगेची नाही. तारवाल्यांच्या सोयीने इकडची-तिकडची अक्षरं हलली आणि मधल्यांना हात लावायचं कारणच कोणाला पडलं नाही, असं मी म्हणेन.

सरावलेल्या हाताला तिथे आराम वाटतो हे खरं, पण तो ओळ मधली असल्याचा: वर-खाली सारखंच अंतर. अक्षरांचं त्यात श्रेय नाही. न पाहता टाइप करण्याचा गाजावाजा यंत्रानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. २५ जुलै १८८८ ला सिनसिनाटीत फ्रँक मॅकगरिन या लघुलेखकाने रेमिंग्टन टाइपरायटरवर, टायपिंगच्या शर्यतीत लुई ट्रॉबला हरवलं. (ट्रॉबच्या कॅलिग्राफवर मोठ्या आणि लहान अक्षरांना वेगवेगळी बटणं होती, तेव्हा लढत बरोबरीची नव्हतीच.) तोवर अक्षरं आपापल्या जागी बसलेली होती, बोटांनी त्यांच्याशी जुळवून घेतलं. हाताचा विचार आधी झाला असता, तर उजव्या तर्जनीसारख्या चपळ बोटाखाली इंग्रजीत क्वचितच लागणारा जे आला नसता. अक्षरांची नवी मांडणी आखणाऱ्या ऑगस्ट ड्वोरॅकने १९३६ च्या पेटंटात सगळे स्वर डाव्या हाताखाली आणले. जगाने दुर्लक्ष केलं. आपल्याकडे भारतीय लिपींसाठी १९८६ चा इनस्क्रिप्ट कळफलक आखताना मात्र मात्रा नि स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे, अशी वाटणी आधी केली गेली. त्यात जेच्या त्याच उंचवट्यावर ‘र’ आहे.