झांकलेलें मडकें आणि हरवलेली कथा

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेलें कुरुंदवाड हें १९४८ पर्यंत पटवर्धनांचें संस्थान होतें. जवळच नृसिंहवाडीचें दत्तक्षेत्र. अशा गांवांतील ज्या मुलाला अद्याप अक्षरओळखहि झालेली नसते, त्यालाहि ध्रुव व प्रल्हाद ठाऊक असतात. कारण आईच्या मांडीवर बसून त्यानें ते कीर्तनांत ऐकलेले असतात. याच वाटेनें एके काळीं अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांच्या कथा मराठी बोलणाऱ्या यहुदी बालकांपर्यंत पोहोंचल्या. ती हकीकत मात्र देशावरची नसून घाटाखालच्या अलिबाग किनाऱ्यावरची व मुंबईची आहे.

बेने इस्राएल समाजाची परंपरा असें सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें जहाज नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रांत गेले. पुढें त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. हिब्रू भाषा विस्मृतींत गेली. 'शेमा' ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली.

तथापि सण टिकले, आणि त्यांस मराठी नांवें मिळालीं. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेल्या व १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापल्या गेलेल्या इतिहासांत तीं नमूद आहेत. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दारें लावून घरांत बसावयाचें, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल शोक करण्याचा दिवस तो 'बिरड्याचा सण'. पुरीम होळीच्या सुमारास येई, म्हणून तो 'होळीचा सण'. वल्हांडणास 'आणशी ढाकाचा सण' म्हणत, कारण त्या दिवसांत घरांतील आंबट रसाचें मडकें झांकून ठेवीत.

हीं नांवें लहान मुलाला सहज समजावीत अशींच आहेत. लावलेलें दार, ताटांतलें बिरडें, झांकलेलें मडकें! पण मडकें कां झांकावयाचें, असें मुलानें विचारलें, तर उत्तर देणारी कथा घरांत उरली नव्हती. आचार जिवंत होता. त्याचें कारण हरवलें होतें.

तें कारण परत मिळालें तें मराठींतूनच. एकोणिसाव्या शतकांत बायबलाचीं मराठी भाषांतरें झालीं. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची 'हागादा' मुंबईस १८४६ मध्यें व पुण्यास १८७४ मध्यें मराठी अर्थासह छापली गेली. पुण्याच्या प्रतींतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या दिसतात. पुढें १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएलांनीं हरिदासांची कीर्तनपद्धति उचलली. पद तेंच, निरूपणाची रीतहि तीच. आख्यान मात्र अब्राहामाचें किंवा योसेफाचें. ज्याला पुस्तक वाचतां येत नव्हतें, त्यालाहि आतां कथा ऐकतां येऊं लागली.

वल्हांडणाच्या विधींत पहिला प्रश्न सर्वांत लहान मुलानें विचारावयाचा असतो: आजची रात्र निराळी कां? मग वडिलांनीं सांगावयाचें कीं, आपले पूर्वज मिसर देशांत दास होते. सुटकेची घटका आली तेव्हां पीठ फुगण्याइतकाहि अवकाश नव्हता. म्हणून या दिवसांत आंबवलेलें खावयाचें नाहीं. कोंकणांतल्या आजीबाईंनीं पिढ्यान्‌पिढ्या झांकलेल्या त्या मडक्यांत हीच आठवण जपली गेली होती, असें दिसतें.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. ज्या घरांत प्रश्न विचारणारें मूल आणि उत्तर देणारें माणूस एकाच ताटाशीं बसतात, त्या घरचा सण मात्र कोठेंहि गेला तरी मुका होत नाहीं.