फुप्फुस प्रत्यारोपणानंतर ज्येष्ठांचे पुनर्वसन : घरच्यांसाठी माहिती

फुप्फुस प्रत्यारोपणाची केंद्रे मुंबई, चेन्नई, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत आहेत. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला काही काळ केंद्राजवळच राहावे लागते. पुढचे काम मात्र आपल्या चोपडे गावातल्या घरात करायचे असते. त्यासाठी ही माहिती आम्ही सभासदांपुढे ठेवत आहोत.

अशक्तपणा का येतो?
नवे फुप्फुस चांगले चालले तरी पाय लवकर थकतात. आधीची कित्येक वर्षे दम लागतो म्हणून माणूस बसून असतो. त्यात अतिदक्षता विभागातले दिवस आणि स्नायू व हाडे कमजोर करणारी स्टेरॉइड्स यांची भर पडते. उतारवयात गेलेली ताकद परत यायला वेळ लागतो.

व्यायाम
प्रकृती स्थिर असेल तर एक-दोन दिवसांतच रुग्णाला बसवायला, उभे करायला सुरुवात होते. नव्या फुप्फुसाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे खोकला आपोआप येत नाही. छातीशी उशी धरून मुद्दाम खोकावे लागते. घरी खुर्चीतून उठणे-बसणे, पायऱ्या चढणे आणि रोज चालणे महत्त्वाचे. प्रगती सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीने मोजतात. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील २०१२ च्या अभ्यासात, घरी सोडल्यावर तीन महिने देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांच्या पायांची ताकद आणि रोजचे चालणे वर्षअखेरीस इतरांपेक्षा चांगले होते. त्यातले रुग्ण ४० ते ६५ वयाचे होते. त्याहून मोठ्यांनी गती हळू ठेवावी, पण व्यायाम सोडू नये.

घरातली कामे
छातीचे हाड सांधायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर विहिरीचे पाणी ओढणे, सिलिंडर उचलणे, हातांवर भार देऊन उठणे टाळावे. पाटाऐवजी उंच खुर्ची, न्हाणीत स्टूल व धरायला दांडा, आणि कमोड असावा. काही औषधांनी हात थरथरतात. अशा वेळी जाड मुठीचा चमचा आणि वारांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी उपयोगी पडते. भाजी निवडणे, देवपूजा, घरचा हिशेब अशी हलकी कामे मात्र रुग्णाकडेच द्यावीत.

जपायचे काय?
कुजलेला पाला, शेणखत, ओले गवत यांत बुरशी असते, त्यामुळे बागकाम टाळावे. चवथीच्या, जत्रेच्या गर्दीत मास्क लावावा. पपनस व ग्रेपफ्रूट औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवू शकतात, म्हणून माटोळीचे पपनस रुग्णाला देऊ नये. ताप, छातीत दुखणे, ऑक्सिजन कमी होणे किंवा घरच्या स्पायरोमीटरचा आकडा १० टक्क्यांनी घसरणे, यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून लगेच केंद्राला कळवावे.

"बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो," असे आपण मायेनेच म्हणतो. पण बसून राहिल्याने ताकद परत येत नाही. जे काम त्यांना झेपते ते त्यांना करू द्यावे, आणि आपण शेजारी उभे राहावे.