बाह्य फ्लॅश व फ्लॅश ब्रॅकेट

बाह्य फ्लॅश हे क्षणभर तीव्र प्रकाश देणारे, कॅमेऱ्यापासून वेगळे करता येणारे छायाचित्रणाचे उपकरण आहे. ते कॅमेऱ्याच्या माथ्यावरील 'हॉट शू' या खाचेत बसवतात किंवा केबलने अथवा रेडिओ ट्रिगरने कॅमेऱ्याशी जोडतात. फ्लॅश ब्रॅकेट म्हणजे हा फ्लॅश भिंगापासून काही अंतरावर, वर किंवा बाजूला धरून ठेवणारा आधार होय. किती प्रकाश मिळणार हे फ्लॅशवर अवलंबून असते, तर तो कोठून येणार हे ब्रॅकेटमुळे ठरते. त्यामुळे दोहोंच्या निवडीचे निकष वेगळे आहेत.

इतिहास

१८८७ साली जर्मनीत अडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश पावडर तयार केली. ती पेटवताना दाट धूर होई आणि भाजण्याचे अपघातही घडत. १९३०च्या सुमारास काचेच्या बंद गोळ्यात धातूचा वर्ख जाळणारे फ्लॅशबल्ब प्रचारात आले. ते अधिक सुरक्षित होते, मात्र प्रत्येक बल्ब एकदाच वापरता येई. १९३१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूतील विद्युत विसर्जनावर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. आजचे फ्लॅश प्रामुख्याने याच तत्त्वावर चालतात.

कार्यपद्धती

बॅटरीच्या विजेचा दाब वाढवून ती सुमारे ३०० व्होल्ट दाबाने कपॅसिटरमध्ये साठवली जाते. शटर उघडताच ती झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून वाहते आणि प्रकाश पडतो. पूर्ण शक्तीवर हा प्रकाश साधारणतः १/१००० सेकंद टिकतो, तर कमी शक्तीवर त्याहून कितीतरी कमी काळ. बॅटरी काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे बिघडलेला फ्लॅश घरी उघडणे धोक्याचे असते.

गाईड नंबर

फ्लॅशची क्षमता गाईड नंबरने सांगितली जाते. हा आकडा म्हणजे विषयवस्तूपर्यंतचे अंतर आणि अपर्चरचा एफ-क्रमांक यांचा गुणाकार होय. आयएसओ १०० ला गाईड नंबर ३६ मीटर असेल, तर एफ/४ अपर्चरला ९ मीटरपर्यंत आणि एफ/८ ला ४.५ मीटरपर्यंत पुरेसा प्रकाश मिळतो. आयएसओ ४०० ला हीच अंतरे दुप्पट होतात.

प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून गाईड नंबर दुप्पट होण्यासाठी चौपट प्रकाश लागतो. पुष्कळदा जाहिरातीत दिलेला गाईड नंबर झोत अरुंद केलेल्या झूम स्थितीतील असतो. भिंगाचा दृश्यकोन रुंद असेल तेव्हा झोतही रुंद करावा लागतो आणि तो आकडा बराच खाली येतो. दोन फ्लॅशची तुलना करताना आयएसओ आणि झूम स्थिती सारखीच धरावी लागते.

फ्लॅशची निवड

* सुसंगतता : भिंगातून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशची शक्ती आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीला टीटीएल म्हणतात. बहुतेक उत्पादकांची टीटीएल पद्धत निराळी असते. अन्य पद्धतीचा फ्लॅश सामान्य हॉट शूच्या मधल्या संपर्कबिंदूमुळे प्रकाशमान होऊ शकतो, पण त्याची शक्ती हाताने ठरवावी लागते. मिनोल्टाने १९८८ पासून वापरलेली आणि पुढे सोनीच्या सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत आलेली खाच आकारानेच वेगळी आहे.
* ट्रिगर व्होल्टेज : फिल्मच्या काळातील काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर १०० व्होल्टहून अधिक दाब असतो. त्यामुळे डिजिटल कॅमेऱ्याचे मंडल निकामी होऊ शकते. जुना फ्लॅश जोडण्यापूर्वी हा दाब मोजून तो कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहणे आवश्यक असते.
* फिरणारे डोके : डोके वर आणि बाजूला वळत असेल, तर प्रकाश छतावरून किंवा भिंतीवरून परावर्तित करता येतो.
* शटरचा वेग : पडदा शटर असलेल्या अनेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी कमाल वेग १/२०० ते १/२५० सेकंद असतो. त्याहून वेगवान शटरला चित्राचा काही भाग काळा येतो. 'हाय-स्पीड सिंक' सुविधेने ही अडचण टळते, परंतु फ्लॅशचा पल्ला घटतो.

फ्लॅश ब्रॅकेट

ब्रॅकेट सामान्यतः कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या ट्रायपॉडच्या १/४ इंची आट्यात स्क्रूने बसवतात. फ्लॅश हॉट शूपासून दूर जात असल्याने जोडणीसाठी टीटीएल केबल किंवा रेडिओ ट्रिगर लागतो. सरळ पट्टीच्या ब्रॅकेटमध्ये फ्लॅश बाजूला राहतो. फिरत्या ब्रॅकेटमध्ये कॅमेरा उभा धरला तरी फ्लॅश भिंगाच्या वरच ठेवता येतो. त्यामुळे व्यक्तीची सावली शेजारच्या भिंतीवर न पडता तिच्या मागे, खालच्या बाजूस पडते.

डोळे लाल दिसण्याचा दोषही ब्रॅकेटमुळे कमी होतो. फ्लॅश भिंगालगत असल्यास डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांनी युक्त पटलावरून परतणारा प्रकाश थेट भिंगात येतो. फ्लॅश भिंगापासून १५ सेंटीमीटर दूर असेल, तर ३ मीटरवरील व्यक्तीच्या बाबतीत दोहोंमध्ये सुमारे ३ अंशांचा कोन होतो. ६ मीटरवर तो दीड अंशाच्याही आत येतो. म्हणून दूरच्या व्यक्तींसाठी अधिक उंच ब्रॅकेट उपयुक्त ठरतो.

मर्यादा

ब्रॅकेटमुळे सावलीची जागा बदलते, तिची कड मऊ होत नाही. सावलीचा मऊपणा विषयवस्तूच्या दृष्टीने प्रकाशस्रोत किती मोठा आहे यावर अवलंबून असतो. छतावरून परावर्तन केल्यास छताचा उजळलेला भाग हाच मोठा स्रोत बनतो. पांढरे, कमी उंचीचे छत असलेल्या खोलीत त्यामुळे ब्रॅकेटची फारशी गरज भासत नाही. रंगीत छतामुळे मात्र चित्रावर त्या रंगाची छटा येते. उंच छताच्या सभागृहात किंवा उघड्यावर परावर्तनाचा मार्ग उरत नाही आणि फ्लॅश थेट वापरावा लागतो. अशा ठिकाणीच ब्रॅकेटचा खरा उपयोग होतो. कॅमेऱ्याचे वाढलेले वजन आणि सैल होणारा स्क्रू या त्याच्या वापरातील नेहमीच्या अडचणी आहेत.